निचरा

सोहारला पाऊस म्हणजे आमच्या मशीनचा घाम.
ब्लॉक चारच्या मागे, ऑगस्टात,
नळीतून थेंब थेंब गळतो
आणि ताटाएवढी जमीन ओली राहते.
तेवढी तिला पुरते.

काळी. पायांत पिवळे तोडे.
कंबर इतकी बारीक, की मधे नुसता दोराच असावा.
चिखलाची गोळी वळते, हनुवटीखाली धरते,
जाते, येते, जाते.
लिंपताना गुणगुणते.
शिबू म्हणतो, लांब कुठेतरी वेल्डिंग चाललंय.
मी म्हणतो, कुंभारीण.
त्याच्या भाषेत तिला काय म्हणतात, ते त्याला आठवत नाही.

आज तक्रार आली : खोली सतरा, पाणी आत गळतंय.
नळीच्या तोंडाशी तिची मडकी, एकाला एक चिकटून.
बंद तोंडाचं एक मी पान्याच्या टोकानं फोडलं.

आत कोळी. अकरा.
हिरवे, राखाडी, एक पांढराफेक,
पाय पोटाशी घेतलेले,
बॅगेत वजन बसवताना कपडे दाबावेत तसे दाबलेले.
मेलेले नव्हते.
एकावर फुंकर घातली, तर पायाचं टोक हललं.
हजेरीला कुणी झोपेत ‘हो’ म्हणावं, एवढंच.
आणि तळाशी, एकाच्या पोटावर,
तांदळाच्या कणीएवढी अळी.
सावकाश जेवत होती.

गोठणकर सर फळ्यावर लिहायचे :
भिंगुरटीचा ध्यास घेते, म्हणून अळी भिंगुरटी होते.
त्या निबंधाला मला दहापैकी आठ.
सर, इथे ध्यास कुणालाच नव्हता.
एकाला भूक होती
आणि अकरांना हलता येत नव्हतं.
तरी तुम्ही फार चुकला नाहीत.
कोळ्यांचीच माशी होणार होती.

नळी मोकळी झाली, पाणी धडधडा आलं.
जॉबकार्डावर लिहिलं : चोकअप, माती.
कोळी लिहिले नाहीत.
ते मी युनिटखालच्या सावलीत ठेवले,
अळीसकट. का, ते माहीत नाही.
त्यांना आता ऊन काय नि सावली काय.

हत्यारं भरताना ती आली,
बारावा कोळी कवळून.
नळीपाशी दोनदा फिरली,
पत्ता बरोबर, घर नाही.

नळीखाली बादली लावायची असते,
खल्फान साहेबांचा नियम आहे.
आज लावली नाही.