व्यवहार सापडला नाही

पुंता अरेनासमध्ये वारा इतका, की
चौकात माणसांना धरायला दोर बांधतात.
अशा शनिवारी कोणी बाहेर पडत नाही.
सगळे फोन करतात.

आमच्या सर्व्हरवर आठ कामकरी.
कॉल आला की एकानं उचलायचा,
सांतियागोला विचारायचं : ह्या नंबरात पैसे आहेत का?
आणि उत्तर येईस्तोवर तिथंच,
दाराशी बसलेल्या वसुलीवाल्यासारखं,
हलायचं नाही.

रोज ते उत्तर साठ मिलिसेकंदांत येतं.
पापणी एकदा लवते तेवढ्यात पाच उत्तरं.
त्या संध्याकाळी एकाला तीन सेकंद लागले.

मी बोटांवर हिशेब केला : आठ भागिले तीन.
सेकंदाला तीनसुद्धा कॉल नाहीत,
आणि बाहेर दोनशे.
प्रोसेसर मात्र चार टक्क्यांवर, थंडगार.
काम कुणालाच नव्हतं,
सवड कुणालाच नव्हती.

बाहामोन्दे म्हणाला, यारित्सा,
वाट बघणं त्यांच्या डोक्यावरून काढ.
प्रश्न पाठव, कॉल खुंटीला टांग,
मोकळ्या हातानं पुढचा घे.
उत्तर आलं की चिठ्ठी बघून
ज्याचा त्याला उतरवून दे.

साडेनऊला बदल चढवला.
आठही जण मोकळे झाले.
मी कॉफी गरम करून घेतली, अर्धीच प्याले.

एकेक टांगलेला कॉल म्हणजे
नाव, गाव, आलेली वाट, जायची वाट,
असं सगळं बोचकं मेमरीत.
सहाशे. नऊशे. अकराशे.
आणि सांतियागोच्या दारावर आता
आठ नव्हे, अकराशे हातांची एकदम थाप.
तीन सेकंदांचे अकरा झाले.

तेव्हा कळलं,
ते आठ नुसते ताटकळत नव्हते.
त्यांच्या खोळंब्यानंच बांध घातला होता,
पलीकडचं शेत वाहून जाऊ नये म्हणून.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.
मी तो फोडला, आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

दहाच्या सुमारास खुंट्या चारशेवर आणल्या.
त्यापुढच्याला लगेच सांगायचं, लाइन व्यस्त आहे.
आशेला लावायचं नाही.
दोन सेकंदांत उत्तर आलं नाही
तर पैसे आहेत असं धरून सोडायचं. बुडाले तर बुडाले.
बाहामोन्देला हे पटलेलं नाही. वसुली तो बघतो.

शांत दिवशी ही नवी रीत
दोन-तीन मिलिसेकंद सावकाशच चालते :
टांगणं, शोधणं, उतरवणं.
अहवालात हे तिसऱ्या पानावर आहे,
तिथवर कोणी वाचत नाही.

लॉगमध्ये एक ओळ राहिलीय, नऊ सत्तेचाळीसची.
नंबर मला पाठ आहे :
सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनीरचे म्हातारे एलेउतेरिओ मान्सिया,
दर शनिवारी रिओ गायेगोसला बहिणीला लावतात.
सात सेकंद थांबले. ठेवला.

अकराव्या सेकंदाला सांतियागोहून आलं :
आहेत. सहा हजार चारशे पेसो.
कामकरी मोकळाच होता.
चिठ्ठी घेऊन खुंटीपाशी गेला,
व्यवहार सापडला नाही,
एवढं लिहिलं
आणि पुढचा कॉल घेतला.