शेरा

शंकरशेठ रस्त्यावर, पत्र्याच्या जिन्याने वर,
वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कंपनीत
फडतरे बाईंच्या मागे स्टूल ओढून
मी अकरा दिवस बसले.
काम एवढंच: जुनी सिस्टिम समजून घेणे.

काळा पडदा, हिरवी इंग्रजी अक्षरं.
नावाला चोवीस घरं, पंचविसावं नाही.
त्यामुळे मार्केट यार्डातले चिंतामणी शंकरलाल ओसवाल
सत्त्याण्णव सालापासून
चिंतामणी शंकरलाल ओस.
नाव ओस, दुकान भरलेलं.
बिलं त्याच नावाने जातात. ते भरतात.

बाई कळफलकाकडे बघत नाहीत.
एफ सात, एफ सात, दोन, एंटर,
शेंगा सोलता सोलता बोलावं तसं
माझ्याशी बोलत राहतात.
मी वहीत लिहिते: एका तक्रारीला सात पडदे.
पिनकोडशिवाय पुढे सोडत नाही,
म्हणून साडेतीनशे गिऱ्हाइकं
चारशे अकरा आणि तीन शून्यं, अशा गावी राहतात
जिथे पोस्टमन कधी गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी मला टिंबं दिसली.
पत्त्याच्या शेवटी, दोन, उगाच.
मी ती साफसफाईच्या यादीत टाकली.
"अहो, नको!"
बाई पहिल्यांदा खुर्चीसकट वळल्या.
"दोन टिंबं म्हणजे घरात कुणी गेलंय.
वसुलीचा फोन करायचा नाही."
किती दिवस?
"ते आवाजावरून कळतं."

फुली म्हणजे ओरडतो, पण पैसे देतो.
व्ही म्हणजे वहिनी; हिशेब त्याच बघतात.
चांदणी म्हणजे गोदामात कुत्रं.
इनामदार मेकॅनिकने पँट वर करून
चांदणी कशी सुरू झाली ते दाखवलं.

बाणेरला, काचेच्या खोलीत,
मी नवा पडदा भिंतीवर टाकला.
पांढरा, मोकळा, तक्रारीला दोनच टप्पे.
माना डोलल्या.
खाली एक रिकामा चौकोन होता.
"हा कशाला?"
शेरा.
"पर्याय द्या ना. चालू, बंद, थकबाकीदार.
मोकळं सोडलं की लोक काहीही लिहितात."
हो, म्हटलं, काहीही लिहितात.
पुढचं वाक्य सुचेना.
टिंबांचा आलेख मी काढला नव्हता.
चौकोन राहिला, कारण जेवणाची वेळ झाली होती
आणि वाद कुणालाच वाढवायचा नव्हता.

बदलाच्या शनिवारी कुणी नारळबिरळ फोडला नाही.
बाईंनी जुन्या कळफलकातली धूळ फुंकली.
एफ सातवरचं अक्षर कधीच गेलेलं,
बटण चिंचोक्यासारखं गुळगुळीत.
"नवीन छान आहे हो," म्हणाल्या,
"पण जिना तोच आणि पायरी एक कमी,
तसा हात पडतो."
मराठीत लिहिता येतं हे मात्र
त्यांनी तीन वेळा करून पाहिलं.

ओसवालांना त्यांचं वाल परत मिळालं.
पहिलंच बिल उलट आलं: नाव चुकलंय.

शिकवण्यासाठी मी एक खोटं गिऱ्हाईक केलं होतं,
अबक ट्रेडर्स, कोंढवा.
त्याचा काटा आठवड्यात चाळीस वेळा बिघडला.
रुबिनाने त्याला नोटीस धाडली,
मेंढेकाकांनी त्याचं बिल चुकून नऊ लाख केलं,
आणि खातं बंद कसं करायचं ते पाहताना
तो दोनदा वारला.

सोमवारी मी खोटा डेटा पुसायला बसले.
अबक उघडलं.
शेऱ्याच्या चौकोनात,
एस. फडतरे, सकाळी नऊ चाळीस:

माणूस खोटा आहे. काढू नये.
ह्याच्यावर शिकलो . .