अठराशे त्र्याऐंशी

चोडणला, शेतकरी संघाच्या खोलीत,
खताच्या पोत्यांना टेकवलेलं टेबल, त्यावर काळा पडदा.
मी आदेश लिहिते: ब्रोकर, चालू हो,
अठराशे त्र्याऐंशीवर कान ठेव.
मिंगेल दारातून विचारतो, "तें साल मगो? पुर्तुगेजांचें?"
साल नाही, पोर्ट.
आणि ते आधीच कुणीतरी घेतलंय, असं यंत्र म्हणतं.

कुणी?
चालत्या प्रक्रियांची यादी काढते.
एक आहे. तीनशे बारा दिवसांची,
सौर बॅटरीवर, एकदाही न पडलेली.
चालवणारा: सावियो.
तो आता स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला खोकी उचलतो.

मिंगेल त्याचा बाप. मानशेकार.
गमबुटांना खाजनाचा चिखल, बोलणं कमी.

मानशीवरचा सेन्सर दर मिनिटाला
पाण्याची उंची सांगत राहिला.
ऐकणारं कुणी जोडलेलं नव्हतं,
आणि ब्रोकर उगाच साठवत बसत नाही,
ग्राहक नसला की आकडा गेला मांडवीत.
फक्त "राखून ठेव" म्हणून पाठवलेला निरोप
तो धरून बसतो, पुढे येईल त्याच्यासाठी.

मी येते. सगळे विषय मागते.
पहिलीच ओळ:
चाचणी/सावियो
"पाय, दार लागलें. हांव वता."

मग त्याची कॉन्फिग फाइल उघडते. जतन: नाही.
म्हणजे एवढं वाक्य नुसत्या स्मृतीत होतं,
एक वायर निसटली असती तरी गेलं असतं.

नवी फाइल लिहिते.
जतन: होय. जागा: इथेच, डिस्कवर.
अनोळख्याला प्रवेश: नाही.
वापरकर्ता: मिंगेल. पासवर्ड तो सांगत नाही,
स्वतः एका बोटाने दाबतो, फार वेळ.

जुनी प्रक्रिया थांबवायच्या आदेशाचं नाव
मी त्याच्यासमोर उच्चारत नाही.
पुन्हा चालू. या वेळी पोर्ट रिकामं.
तेच वाक्य, त्याच विषयावर, राखून ठेव म्हणून,
मी परत पाठवते. एक अनुस्वारही न बदलता.

"वाचून दाखवू?"
"उदकाचें सांग पयलीं."
एक मीटर चौदा. भरती चढतेय.

तो खिशातून खडू काढतो,
पोती जरा सरकवतो. मागची भिंत
छतापर्यंत आकड्यांनी भरलेली,
रोजचा एक.
खाली उरलेल्या जागेत वाकून लिहितो: १.१४.
मग खडू फुंकून खिशात,
आणि म्हणतो, "आतां वाच."