विषय क्रमांक सात

सकाळी सहाला जेटीवर
हमीद सोलकर लिलाव पुकारतो:
सुरमईची पाटी, हजार, हजार पन्नास,
जयवंती तांडेल नुसती भुवई हलवते, बाराशे.
अख्ख्या बंदराला ऐकू जातं कोण किती बोललं,
कुणी हात आखडला, कोण उगाच चढवत नेतंय.
अकरा वाजता मी सभागृहात इतिवृत्ताची वही उघडते
तेव्हा बोटांना अजून
वाटेत घेतलेल्या बांगड्यांचा वास असतो.

विषय सात:
जुनी जकात कचेरी, हल्ली वर जन्म-मृत्यू नोंदणी,
खाली वाचनालय,
हिच्या दुरुस्तीचे काम खुल्या निविदेतून वगळण्यास
विशेष बाब म्हणून मंजुरी देणेबाबत.
टाईप मीच केलंय.
'विशेष'मधला पोटफोड्या ष
प्रिंटरवर दरवेळी जरा जास्तच काळा उमटतो.

मागच्या वेळी सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.
तीन लखोटे, लाखेचे शिक्के, सर्वांसमक्ष फोडलेले.
सगळ्यांत कमी दर कणकवलीच्या फर्मचा.
त्यांनी चिऱ्यावर सिमेंट थापलं,
वर मोरपिशी रंग.
दोन वर्षांत भिंतीला फोड आले, फोडांतून मीठ,
मग कपाटामागून ओल चढली
आणि एकोणीसशे बासष्टच्या मृत्यूंच्या वहीत
त आडनावापासून पुढचे सगळे
तारखांसकट विरघळले.
लेखापरीक्षणात एकही आक्षेप नव्हता.

म्हणून या वेळी रघबा मेस्त.
वय एकाहत्तर. जीएसटी नाही, बयाणा रक्कम नाही,
अनुभवाचा दाखला ज्यांनी द्यायचा
ते बहुतेक त्याच वह्यांमध्ये.
मीच त्याला बोलावून आणला.
भिंतीवर तळवा टेकून उभा राहिला,
आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
"चिऱ्याक घाम येतलोच," म्हणाला,
"तो अडवूचो नसता. तेका भायर येवक वाट देवची."
शिंपल्यांचा चुना, गूळ, हिरडा, बेलाचा गर,
आणि तीन महिने हौदात नुसता विरत ठेवायचा.
दरसूची मी दोनदा चाळली.
'थांबणे' या कामाला दर नाही.

टिपणी मी लिहिली. चांगली लिहिली.
'सदर कौशल्य अन्यत्र उपलब्ध नसल्याने'
हे वाक्य तर मी रात्री उठून दुरुस्त केलं.
दार उघडायचं होतं एका म्हाताऱ्यापुरतं,
वाकून आत येईल एवढंच.

सभेत कुणी बोललं नाही.
पंखा. चहा. बशीत दोन बिस्किटं.
सूचक, अनुमोदक, विरोध निरंक.
कुणी हजार म्हणालं नाही, कुणाची भुवई हलली नाही.
एवढी शांतता मी जेटीवर
होडी परत न आलेल्या दिवशीच ऐकलीय.

ठराव सहीहून परत आला.
माझी वाक्यं जशीच्या तशी,
'अन्यत्र उपलब्ध नसल्याने' सुद्धा, ठळक अक्षरांत.
फक्त नावाच्या जागी
मे. ...................
एकोणीस टिंबं. मोजली मी.
रघबा मेस्त एवढ्यात मावतो, जागा उरते.
"नाव मागाहून टाकू," साहेब चष्मा पुसत म्हणाले,
"तुमची टिपणी मात्र फार उपयोगी पडली हो."

संध्याकाळी कचेरीच्या मागे गेले.
कार्यादेशाची वाट न बघता
रघबाने पदरच्या पैशाने चुनकळी आणून
हौदात सोडली होती.
पाणी उकळत होतं, खाली विस्तव नाही काही नाही.
"ठराव झालो?"
झाला, म्हटलं. सर्वानुमते.
तो काठीने ढवळत राहिला.
मी वाकले, अजून काही बोलायचं होतं म्हणून.
"बाय, लांब रव," म्हणाला,
"चुनो डोळ्यांत उडतलो."