लबाडाचं परडं

एकतीस वर्षं मी या पॅरिशमध्ये पत्रं वाटली,
म्हणून समितीनं वही माझ्याच हातात दिली:
तुला सगळी घरं माहीत, तूच लिही
शेतांची नावं, आणि त्यांचं स्पेलिंग.

घरं माहीत होती, हे खरं.
गोर्टनालेव्ह पाच प्रकारे लिहून यायचं पाकिटांवर:
डब्लिनच्या बँकेचं एक, बॉस्टनच्या मावशीचं दुसरं,
दफनभूमीतल्या दगडावर आणखी तिसरंच,
आणि क्रीमरीच्या कॅनवर लाल रंगात अर्धंमुर्धं,
कारण कॅनची गोलाई तिथंच संपायची.
पत्र मात्र कधी चुकलं नाही.

पण शेतांना पत्रं येत नाहीत.
शेताचं नाव लागतं
गाय शोधायला पोराला पाठवताना,
नाहीतर भांडताना.

बार्टली हेशन, वय एकोणनव्वद,
चुलीला पाठ लावून नावं सांगत होता,
खिशातली मोड मोजून टेबलावर ठेवावी तशी.
विहिरीचं शेत; विहीर बुजली सदुसष्ट साली.
शिंगराचा माळ.
आंधळ्या वासराचं कुरण.
बहीण डेलिया चहा ओतता ओतता म्हणाली,
"आंधळं नव्हतं ते. तिरळं होतं."
यात अर्धा तास गेला.
मी दोन्ही लिहिलं.

मग नकाशावर माझं बोट टेकलं
हेशन आणि रुआन यांच्या भिंतींमधल्या चिंचोळ्या तुकड्यावर.
सरकारी कागदात त्याला आकडा आहे, नाव नाही.
भावंडं एकदम गप्प.
कपबशीत चमचा तेवढा वाजला.
"लिही," बार्टली म्हणाला,
"गारी अन व्रेगडोरा."

लबाडाचं परडं.
लबाड कोण, हे मी विचारलं नाही.
एका रात्रीत भिंत सात पावलं सरकली होती
हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे,
आणि समितीचा अध्यक्ष कोलमन रुआन
सरकवणाऱ्याचा नातू.

आयरिश मी शाळेत शिकले, छडीच्या धाकानं,
आणि शाळेतच ठेवून आले.
ऐकलं तसं लिहिलं. पेन्सिलीनं.

आठवडाभर वही हॉलमध्ये उघडी होती,
'चुका असल्यास सांगा' अशी चिठ्ठी लावून.
गुरुवारी दिवेलागणीला कोलमन दारात,
टोपी ओली, वही कोटाच्या आत.
मला वाटलं, आलं आता.
खोडरबर कुठल्या खणात आहे
ते मनातल्या मनात शोधून ठेवलं.

तो बसला नाही. पान काढलं,
नखात ग्रीस बसलेलं बोट त्या ओळीवर ठेवलं.
"इथं व्ही लिहिलायस तू.
आयरिशमध्ये व्ही नसतो.
बी हवा, आणि त्याच्यामागे एच.
आमच्या आजोबांचं आहे ते. नीट लिही."

मी व्ही खोडला. कागद जरा फाटलाच.
बी काढला, मागे एच,
ज्याला स्वतःचा आवाज नसतो,
तो नुसता पुढच्याला मऊ करतो.
यावेळी शाईनं.

कोलमननं वाकून पाहिलं, मान हलवली,
चहा नको म्हणाला, टोपी घातली.
फाटकाशी पोचल्यावर वळून ओरडला,
"आणि वासरू तिरळंच होतं!"