सात पॉइंट चार

माझ्या हाताला स्पिरिटचा वास,
तिच्या हाताला ओल्या पालकाचा.
मधे रबरी पट्टा
आणि काही केल्या न सापडणारी शीर.

"लंकाबाई काकड, मखमलाबाद. वय?"
"लिहा पन्नास. कोण मोजतंय."
मूठ वळा म्हटलं, तर वळली
जुडी धरावी तशी,
देठाकडून.

पंधरा वर्षं घेते मी हिच्याकडून,
दर बुधवारी, गंगेवरच्या बाजारात.
मुळाशी गुलाबी, पानावर काळी माती.
"तीन पाण्यांनी धुवा, मग चिरा.
चिरून धुतला तर सगळा कस मोरीत."
माझ्या पोराच्या दुधाच्या दातांत
अडकायचं ते हिरवं
हिच्याच वाफ्यातलं.

मशीनला ओळखपाळख नसते.
चारला कागद आला: सात पॉइंट चार.

"पालक खात जा"
हे मी दिवसातून वीस जणींना सांगते.
आज जीभ टाळ्याला चिकटली.
तीच हसली. "उरला तर खाईन ना!
माझा उरत नाही, ताई. चांगला असतो.
पिवळी पानं शेळीला.
तिचं रक्त काढा एकदा, बघा कसं भरतं."

मग मी खरं ते सांगितलं.
की नुसत्या भाजीनं हे भरून येणार नाही,
डॉक्टर गोळ्या देतील, त्या चुकवायच्या नाहीत.
की पालकातलं लोह लाजरं,
एकटं अंगात शिरत नाही,
लिंबू पिळलं की येतं मागोमाग.
आणि जेवणावर चहा घेतला
तर चहा त्याला दारातूनच परत धाडतो.

"चहा सोडू? पहाटे तीनला उठून?"
"सोडू नका. जेवणापासून लांब घ्या."
तिनं पदरानं कोपर दाबलं,
एवढंसं रक्त, आणि किती वेळ बघत राहिली त्याकडे.

पुढच्या बुधवारी
गोणपाटाखाली एक जुडी, निराळी.
"ती द्या," कॉलेज रोडची एक बाई म्हणाली, "ती ताजी दिसते."
"ती विकायची नाही."
"का?"
"माझी आहे."
शेजारच्या मावशीनं न विचारता
एक लिंबू तिच्याकडे घरंगळत सोडलं.

"तुमच्या पायी पंधरा रुपये बुडाले," मला म्हणाली,
आणि भाकरीचं फडकं सोडलं.

फडक्यामागे, अर्धा झाकलेला,
कटिंगचा ग्लास वाफाळत होता.
मी वांग्यांचा भाव विचारायला
पुढे सरकले.