ऐनवेळचा विषय

ठराव क्रमांक अकरा, पान त्रेचाळीस.
अक्षर माझंच, जरा हललेलं.

एक मेची ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर.
बोरी कोरडी, डोक्यावरचा पत्रा तापून कडकडत होता.
घरपट्टी झाली, गटार झाली, स्मशानातला हातपंप झाला.
'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' असं लिहून
त्याखाली मी नेहमीसारखी आडवी रेघ मारणार,
तेवढ्यात झुलाल निंबा उठले. लान्स नाईक, निवृत्त.
"माले एक ठराव मांडाना शे."

पेपरचं कात्रण त्यांनी चष्मा पुसून वाचलं.
समुद्रापलीकडचं बेट, आपलं मित्रराष्ट्र.
लढाई संपून वर्षं लोटली,
आता तिथली माणसं हरवलेल्यांचा हिशोब मागतात,
आणि त्या चौकशीला पाठिंबा द्यावा
असा प्रस्ताव दिल्लीत संसदेपुढे आहे.
"आपला बी पाहिजे," ते म्हणाले.

मागून आवाज आला, आधी गटारीला पाठिंबा द्या!
सगळे हसले. झुलालही हसले.
मग म्हणाले, नाक्यावर मी होतो.
पोरगा सायकलवर, कॅरियरला दोन नारळ बांधलेले.
यादीतल्या फोटोशी तोंड जुळतं का,
एवढंच मला विचारलं होतं.
मी मान हलवली.
जीप गेली. सायकल तिथंच पडून, चाक फिरत.
मागून त्याची आई धावत आली, तंबी, तंबी करत.
तेवढं नाव माझ्यापाशी आहे.

"चौकशीमा मनं बी नाव लिखी ल्या."

सूचक : झुलाल निंबा पाटील.
अनुमोदक : इथं माझा पेन थांबला.
सरपंच कोकिळाबाई पायाच्या जोडव्याकडे बघत राहिल्या.
कोणी मोबाइल काढला, कोणाला म्हैस आठवली.
सावली संपते तिथं बसलेली
भिलाटीतली शेवंताबाई मालचे उठली.
तिचा दिलीप ऊसतोडीला गुजरातेत गेला, त्याला अकरा वर्षं झाली;
पोलीस स्टेशनात त्याचा कागदसुद्धा झाला नाही.
त्यातलं ती काहीच बोलली नाही.
अंगठा पुढं केला. "कोठे लावू?"

ठराव सर्वानुमते मंजूर.
म्हणजे कोणी नाही म्हटलं नाही.

दीड महिन्यानं पंचायत समितीचं पत्र आलं.
विषय ग्रामपंचायतीच्या कार्यकक्षेत येत नाही.
तसेच ठरावात 'तंबी' असा उल्लेख आढळतो.
कोणी, कोणास, कोणत्या अधिकारात तंबी दिली,
याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.

पारोळ्याच्या हायवेवर, ढाब्यामागे
दक्षिणेचा एक ड्रायव्हर टाकीवर तोंड धूत होता.
त्याला विचारलं.
तंबी म्हणजे धाकटा भाऊ, तो हिंदीत म्हणाला,
आया लेकालाही म्हणतात,
कोणत्याही पोराला म्हणतात.
मलाही म्हण, चालेल.

दिल्लीत पुढं काय झालं, आमच्या पेपरात आलं नाही.
झुलाल दर सोमवारी बाजाराची पिशवी घेऊन
ऑफिसच्या दारात उभे राहतात. "उत्तर उनं का?"
नाही म्हणतो.
ते नाव नव्हतंच, हे अजून सांगितलेलं नाही.

आज सातवा दिवस.
'तंबी देण्यात आलेली नाही' असं लिहिलं, खोडलं.
खाली लिहिलं, 'तंबी हरवला आहे.'
वय, गाव, वडिलांचं नाव,
त्या रकान्यांपुढे काही नाही.
जावक क्रमांक टाकला,
आणि शाई ओली असतानाच शिक्का मारला.